पांढरीवर कोण फिरतं? ‘इतिहासप्रेमी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘इतिहासप्रेमी’ यांस,

सप्रेम नमस्कार.

बेचिराख गावांच्या पांढरींचा (म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीच्या टेकाडांचा) माग कसा काढावा, या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. बहुतेक वाचक ‘छान माहिती’ एवढं लिहून पुढे जातात, त्यामुळे इतकं सविस्तर लिहिणाऱ्याचे आभार मानायला हवेत. मानतो. पण जो सूर आपण लावलात, तो एखाद्या चोराला चावडीवर उभं करताना लावतात तसा आहे, आणि म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं वाटेना.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझा लेख म्हणजे गुप्तधनवाल्यांना फुकटचा वाटाड्या आहे, मेटल डिटेक्टरची मी भलामण करतो, मी ‘आधी कायदा वाचावा’, जुन्या गावठाणांचे गट नंबर मी द्यायला नको होते, गावं उठण्याचं सगळं खापर मी दुष्काळावर फोडलं, टोपोशीटचा (सर्वेक्षण नकाशाचा) फोटो वाचता येत नाही, आणि शेवटी हे वाक्य: ‘शहरात बसून गॅझेटियर चाळणाऱ्यांनी आम्हाला आमची पांढर दाखवू नये.’

फोटो अंधुक आहे, मान्य. या आठवड्यात बदलतो.

आता ते शेवटचं वाक्य. गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ. पण कोणतं गॅझेटियर हो? धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातला तेर, ढोकी, कळंब हा सगळा पट्टा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मुंबई इलाख्याची जी इंग्रजी गॅझेटियर आपल्याकडे उठसूट कोणीही उघडतो, त्यांत सोलापूरचा खंड आहे, त्यात बार्शी आहे, आणि बार्शीची हद्द संपली की त्या खंडातला मुलूखही संपतो. उस्मानाबाद जिल्ह्याचं गॅझेटियर महाराष्ट्र शासनाने १९७२ साली काढलं. ते माझ्याकडे आहे. उठून गेलेल्या एकेका वाडीचा पत्ता आपल्याला त्यात सापडला, तर पान नंबर जरूर कळवा. मला तो सापडला नाही, म्हणूनच तर तलाठी कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

आणि ‘शहरात बसून’? आमचं घर धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं होतं. दरवर्षी मृगाच्या आधी आजोबा गाडी जुंपून पांढरीवर जायचे, माती खणून आणायचे आणि ती धाब्यावर पसरून चोपायची. ही माती पाण्याने घट्ट बसते, गळत नाही, म्हणून मराठवाड्यातली घरंच्या घरं तिच्यावर उभी राहिली. त्या मातीत काय नसायचं? राख, खापरं, हाडाचे तुकडे, शंखाच्या बांगडीची अर्धी कड. एका पावसात वळचणीखाली माती धुऊन गेली आणि तिथे एक लाल मणी दिसला, ज्वारीच्या दाण्याएवढा, आरपार भोक पाडलेला. एवढ्याशा दगडाला इतकं सरळ भोक कसं पाडलं असेल, हे मला आजही नवल वाटतं. आजीने तो धुतला आणि दृष्ट लागू नये म्हणून धाकट्या भावाच्या करगोट्यात ओवला. पांढर म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं, साहेब. गॅझेटियर हा शब्द त्यानंतर बऱ्याच वर्षांनी कानावर आला.

हे सगळं सांगावं लागलं याचं वाईट वाटतं, पण आपण ‘आम्हाला आमची’ असं लिहिलंत. ती जितकी आपली तितकीच माझीही, आणि तिच्याबाबतचा माझा मुद्दा आपण वाचलाच नाहीत. पांढर संपवली ती कोण्या परक्याने यंत्र आणून नव्हे. ती संपवली आमच्या बैलगाड्यांनी. खत म्हणून शेतात, माती म्हणून धाब्यावर, पिढ्यान्‌पिढ्या. बैलगाडी निदान सावकाश नेत होती. आता जेसीबी येतो, दोन दिवसांत टेकाड सपाट होतं, वर सोयाबीन उगवतं. त्या टेकाडाची कुठेच नोंद नसेल, तर तिथे गाव होतं हे सांगायला कोण उरणार?

तेरचंच घ्या. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचं फार मोठं शहर सांगितलं आहे. तिथलं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जायचं. हे तगर म्हणजे आपलं तेर, हे जे. एफ. फ्लीट या इंग्रज अभिलेखतज्ज्ञाने १९०१ मध्ये मांडलं. तोवर तेर म्हणजे गोरोबा काकांचं गाव, एवढीच ओळख होती आणि बहुतेकांना आजही तेवढीच आहे. पण पांढरीत काय आहे हे ज्यांनी जगासमोर आणलं, ते रामलिंगप्पा लामतुरे गावातलेच. मणी, मृण्मूर्ती, नाणी, खापरं, लोक जे मातीत फेकून देत ते त्यांनी जपलं. आज तिथे त्यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या राखेत सापडलेली मूर्ती, दोघी एकाच घराण्यातल्या म्हणाव्यात इतक्या जवळच्या. आपल्या हिशेबाने लामतुरेही गुप्तधनवालेच का? काढलेली वस्तू कोणत्या थरातली होती हे नंतर कळत नाही, हा अभ्यासकांचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो रास्त आहे. पण धाब्यावर चोपलेल्या मातीला कसला थर?

मेटल डिटेक्टरबद्दल माझ्या लेखात दोन वाक्यं होती. इंग्लंडमध्ये छंद म्हणून हे यंत्र घेऊन फिरणारे लोक शेतमालकाची परवानगी काढतात आणि सापडलेल्या वस्तूंची नोंद करून घेणारी अधिकृत व्यवस्था तिथे १९९७ पासून आहे, हे पहिलं. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही, म्हणून यंत्र घेऊन कोणी निघू नये, हे दुसरं. आपण पहिलं वाचलंत आणि तापलात. बाकीचा लेख पांढरी कशा ओळखायच्या यावर होता: जनगणनेच्या यादीत निर्जन म्हणून दाखवलेली गावं, सातबाऱ्यावर शेताचं नाव ‘जुनं गावठाण’, चहूकडे रान आणि मध्येच एकटा मारुती, आसपास वस्ती नसताना वर्षातून एकदा भरणारी जत्रा. जत्रेला येणाऱ्या म्हाताऱ्यांना ‘मूळ गाव कोणतं?’ एवढं विचारलं तरी अर्धं काम होतं. यातलं काहीही खणायला लागत नाही.

‘आधी कायदा वाचा’ म्हणता, तर वाचलेला आहे. निखात निधी अधिनियम १८७८ चा. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीची वस्तू सापडली की कलेक्टरला लेखी कळवायचं, न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आजीने करगोट्यात ओवलेल्या मण्याची किंमत दहा रुपये भरली असती का, ते आपणच ठरवा. संरक्षित स्मारकांचा कायदा १९५८ चा, त्यात २०१० मध्ये शंभर मीटरचं प्रतिबंधित क्षेत्र आलं. पुरावस्तूंचा कायदा १९७२ चा. हे सगळं लेखाच्या शेवटी दिलेलं होतं. शेवटापर्यंत कोण वाचतं म्हणा!

आणि गुप्तधनवाल्यांना माझ्या लेखाची गरज आहे, असं आपल्याला खरंच वाटतं? ते पायाळू (पायांकडून जन्मलेला) माणूस शोधतात, डोळ्यांत काजळ घालतात, अमावास्या बघतात. त्यापायी कोवळ्या पोरांचे जीव जाण्यापर्यंत मजल गेली, म्हणून तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धनाच्या शोधासाठीचे अघोरी प्रकार वेगळे नमूद करावे लागले. ही मंडळी सातबारा वाचत बसत नाहीत.

गट नंबर महाभूलेख या शासनाच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर कोणालाही दिसतो, त्यामुळे तो मुद्दा राहिलाच नाही. दुष्काळाबद्दल एवढंच: १६३० चा दुष्काळ मी उदाहरण म्हणून घेतला होता, कारण पुणं त्याच सुमारास जळालं, उजाड झालं आणि पुन्हा वसलं. प्लेग, रेल्वे, नदीचं पात्र, धरण ही कारणंही असतात. प्रत्येक लेखात सगळंच कसं येणार?

मतभेद असावेत, त्याचं मला काही नाही. पण ज्याने लेखावर स्वतःचं नाव लिहिलं आहे त्याला टोपणनावाआडून ‘वाटाड्या’ म्हणायचं आणि वर स्वतःला इतिहासप्रेमी म्हणवून घ्यायचं, हे जरा अतीच झालं. आपलं गाव कोणतं तेही आपण लिहिलेलं नाही. तेर परिसरातलंच असेल, तर तिथली पांढर आज किती उरली आहे, एवढं तरी मोजून कळवा. छापतो, आपल्या नावानिशी.

पुढचा लेख उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांवर आहे. पाणी आटलं की वर येणारं पळसदेवचं देऊळ त्यात असेल, आणि हो, ते कुठे आहे हेही असेल.

आपला,
लेखक