रायटिंग सेंटरवाले चुका सुधारून का देत नाहीत? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

सविस्तर लिहिलंत, आभार. तुमची तक्रार थोडक्यात अशी: अमेरिकेत एमएस करणारा तुमचा भाचा रिपोर्ट घेऊन विद्यापीठाच्या रायटिंग सेंटरमध्ये, म्हणजे लेखनात मदत करणाऱ्या केंद्रात गेला. ट्यूटरने एकही चूक दुरुस्त केली नाही, नुसतं 'इथे तुला काय म्हणायचंय?' विचारत राहिली. आणि मी त्या पद्धतीचं कौतुक करतो! 'सगळं पोरानेच करायचं तर ट्यूटर कशाला?'

सगळं पोरानेच करायचं, हे तर तिथे उघडपणे सांगितलं गेलंय. अशा ट्यूटरांसाठी जेफ ब्रुक्स यांनी लिहिलेल्या १९९१च्या लेखाच्या शीर्षकातच ते आहे. समोर नको, शेजारी बसा. कागद विद्यार्थ्याच्या जवळ ठेवा. मोठ्याने वाचायला त्यालाच लावा. पेन्सिल हातात धरूच नका, इथपर्यंत बारीक सूचना. त्याआधी १९८४मध्ये स्टीफन नॉर्थ रायटिंग सेंटरच्या बाजूने चिडून लिहून गेले होते की आम्ही दुरुस्तीचं दुकान नाही, आमचं काम लिहिणारा घडवणं. शिवाय 'ट्यूटरच लिहून देतात' हा प्राध्यापकांचा संशय होताच. त्यामुळे या हात आखडता घेण्यात तत्त्वाइतकाच स्वतःचा बचावही आहे, असं माझं मत.

आता भाच्याचं. मोठ्याने वाचलं की चूक कानाला खटकते, हे इंग्रजीत वाढलेल्यांपुरतं खरं. आपल्या मुलाला 'वी कन्डक्टेड सर्व्हे' दहादा वाचूनही काही खटकणार नाही. 'सर्व्हे'च्या आधी 'अ' हवा, पण मराठीत 'अ', 'द' अशी आर्टिकल आहेत कुठे? तिथे प्रश्न विचारत बसण्यात अर्थ नाही. पहिल्यांदा 'अ सर्व्हे', पुढे त्याच सर्व्हेला 'द', हे सरळ सांगावं, एक परिच्छेद करून दाखवावा, पुढचा त्याच्याकडून करून घ्यावा. परभाषेतून आलेल्यांना ट्यूटर माहितगार म्हणून लागतो, हे ज्युडिथ पॉवर्स यांनी १९९३मध्येच मांडलं. पुढे १९९५मध्ये लिंडा शमून आणि डेबोरा बर्न्स यांनी थेट शिकवण्याच्या बाजूने संगीतातल्या मास्टर क्लासचा दाखला दिला. आपल्याकडची तालीम तरी वेगळी काय? गुरू गाऊन दाखवतो, शिष्य उचलतो. त्याला कोणी कॉपी म्हणत नाही.

पण 'पूर्ण रिपोर्ट तपासून द्यायला काय जातं?' हे मात्र मला मान्य नाही. निष्कर्ष चौथ्या पानावर गाडला गेला असेल तर आधी तो वर आणायला हवा, आणि तो कुठला हे भाच्यालाच ठाऊक. तिथे 'काय म्हणायचंय?' हाच प्रश्न योग्य.

पुढच्या वेळी त्याला सांगा, बसल्या बसल्याच म्हणायचं: 'आर्टिकल मला कळत नाहीत, हे पान घेऊन नियम समजावा.' असं नेमकं मागितलं तर बहुतेक ट्यूटर समजावतात.