‘फोर्ट स्टिकिन’ जपान्यांनी उडवलं नव्हतं

एप्रिलचा दुसरा आठवडा आला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. यंदा तो मला तीन गटांवर आला. त्यातला एक तर आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा हिशेब ठेवण्यापुरता काढलेला. मजकूर थोडक्यात असा: 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ ही ब्रिटिश युद्धनौका जपानी पाणबुडीने उडवली (काही आवृत्त्यांत हे काम आझाद हिंद सेनेच्या हेरांचं). जहाजात 87,000 कापसाच्या गाठी होत्या. मुंबईवर सोन्याचा पाऊस पडला आणि रातोरात लोक मालामाल झाले. इंग्रजांनी अपघाताचं नाटक रचून सगळं कायमचं दाबलं. आणि अर्थातच, हे आपल्याला शाळेत शिकवलं नाही.

स्फोट झाला, तो त्याच तारखेला झाला आणि भयंकर झाला, एवढं खरं आहे. बाकीचं बघू.

आधी ‘युद्धनौका’ हा शब्द. फोर्ट स्टिकिन ही मालवाहू बोट होती. 1942 साली कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, प्रिन्स रूपर्टला बांधलेली, 7,142 टनांची (हे टन बोटीच्या आतल्या जागेचे, वजनाचे नव्हेत). ‘फोर्ट’ नावाने सुरू होणाऱ्या अशा कितीतरी बोटी तेव्हा एका साच्यातून काढाव्यात तशा बांधल्या गेल्या, कारण जर्मन पाणबुड्या बोटी बुडवायच्या त्या वेगाने नव्या हव्या होत्या. काम एकच: नौदल, विमानदल आणि पायदळाला लागेल ते पोचवायचं आणि परतीच्या फेरीत मिळेल तो माल भरायचा. 24 फेब्रुवारी 1944 रोजी ती इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघाली तेव्हा तिच्या पोटात टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे असा सुमारे 1,400 टन दारूगोळा होता. शिवाय सुटे भाग करून ठेवलेली स्पिटफायर विमानं आणि एका पोलादी टाकीत वेल्डिंग करून बंद केलेलं सोनं. हे तिचं रोजचं काम होतं. तिला युद्धनौका म्हटलं की असा माल कसा भरतात, कुठे ठेवतात, कोण उतरवतं, हे सगळे प्रश्न गळून पडतात. आणि खरी गोष्ट त्या प्रश्नांतच आहे.

कराचीला विमानं वगैरे उतरवली आणि रिकाम्या जागेत माल घेतला. रुईच्या गाठी, वंगणतेलाची पिंपं, लाकूड, भंगार लोखंड, गंधक, तांदूळ, मासळीचं खत. पंजाब-सिंधची रुई रेल्वेने मुंबईला आणायला त्या काळात बंदी होती, म्हणून व्यापाऱ्यांना समुद्राचाच रस्ता उरला होता. कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ यांनी हरकत घेतली होती: दारूगोळ्याशेजारी रुई आणि तेल? पण युद्धकाळात रिकामी जागा घेऊन बोट चालवायची नाही, असा दंडक. हरकत नोंदवली गेली, गाठी चढल्या.

आता 87,000 हा आकडा. तो इंटरनेटवर इतक्या ठिकाणी आहे की फॉरवर्डवाल्याला मी फारसा दोष देत नाही. पण रुईचा धंदा ज्याच्या घरात झालाय त्याने नुसता गुणाकार करावा. दाबलेली गाठ धरा 175 किलोची. गुणिले 87,000 म्हणजे 15,000 टनांच्या वर. या जातीची बोट सगळं मिळून दहा हजार टनांच्या आसपास माल उचलायची. म्हणजे दारूगोळा, तेल, लाकूड काहीही न घेता नुसती रुई भरली असती तरी ती कराचीच्या धक्क्यालाच बुडाली असती. खरा आकडा 8,700. कुणाच्या तरी हातून एक शून्य जास्त पडलं आणि ते आजतागायत फिरतंय.

पाणबुडीकडे येऊ. ही शंका त्या दिवशी मुंबईकरांनाही आली होती आणि त्यात त्यांची चूक नव्हती. एप्रिल 1944 मध्ये जपानी फौजा कोहिमा-इंफाळला भिडल्या होत्या, हिंदी महासागरात जपानी आणि जर्मन पाणबुड्या होत्याच. शुक्रवारच्या दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी अख्खं शहर हादरलं तेव्हा जपानी विमानं आली असंच अनेकांना वाटलं.

पण व्हिक्टोरिया गोदी म्हणजे काही उघडा किनारा नव्हे. मुंबईला भरती-ओहोटीत पाण्याची पातळी पुरुषभर उंचीच्या कितीतरी वर चढते-उतरते. म्हणून 1880 च्या दशकात प्रिन्स आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या दरवाजे लावूनच बांधल्या. भरतीला दार उघडायचं, बोट आत घ्यायची, दार लावायचं, आतलं पाणी आतच. अशा बंद हौदात पाणबुडी कुठून शिरणार? शिवाय ही बोट 12 तारखेपासून आत बांधलेली होती. बोटीतल्या दारूगोळ्यावर शत्रूचा टॉर्पेडो आदळला असता तर दोन तास धूर कशाला निघाला असता?

कारण धूर निघत होता, आणि इथे जरा थांबावं लागेल.

शेजारच्या बोटींवरच्या काही लोकांना जेवणाच्या सुट्टीतच फोर्ट स्टिकिनमधून धुराची बारीक रेघ दिसली होती. माल उतरवतायत, होत असेल काहीतरी, असं समजून कुणी बोललं नाही. दोनच्या सुमारास दोन नंबरच्या फाळक्यात, म्हणजे बोटीच्या पोटातल्या माल ठेवायच्या कप्प्यात, आग आहे हे बोटीवरच्यांच्या लक्षात आलं. धोक्याचा माल असलेल्या बोटीवर लाल बावटा लावतात, तो नव्हता. त्यामुळे गोदीतल्या बहुतेकांना आपण कशाच्या शेजारी उभे आहोत याचा पत्ताच नव्हता. आगीची वर्दी गेली तीही साध्या आगीची. सुरुवातीला दोनच पंप आले.

फाळक्याची रचना डोळ्यांसमोर आणा. खाली रुईच्या गाठी. त्यांच्या वरच्या मजल्यावर सगळ्यात नाजूक जातीची स्फोटकं. रुईची गाठ पेटली की भडकत नाही, धुमसते. दाबून बांधलेली असते, पाणी बाहेरून ओघळून जातं, ठिणगी आत जिवंत राहते. जिनिंगच्या कारखान्यात काम केलेला माणूस सांगेल, विझली म्हणून बाजूला काढलेली गाठ दुसऱ्या दिवशी पुन्हा धूर सोडते. बंबवाल्यांनी फाळक्यात 900 टनांहून अधिक पाणी ओतलं. ते पाणी तापलं, उकळायला लागलं. आणि पाण्याची पातळी जसजशी वाढली तसतशा जळत्या गाठी तरंगत वर, स्फोटकांच्या दिशेने सरकल्या. धुरामुळे आग नेमकी कुठे आहे ते कळत नव्हतं. शेवटी बोटीच्या अंगावरचा रंग एका जागी फुगून सोलायला लागला तेव्हा कळलं.

या मधल्या वेळात आयुधखात्याचे कॅप्टन ओबर्स्ट यांनी बजावून सांगितलं की आग स्फोटकांपर्यंत गेली तर गोदी उरणार नाही, बोट बुडवा. कुणी म्हणे बाहेर ओढून न्या. कुणी म्हणे पाणी मारत राहा, येईल आटोक्यात. बोटीचा कप्तान, गोदीचे अधिकारी, बंबाचे अधिकारी, लष्कराचे अधिकारी, सगळे हजर. सगळ्यांवर हुकूम चालवील असा एकही नाही. तीन पन्नासला बोट सोडायचा हुकूम सुटला आणि सोळा मिनिटांनी ती फुटली. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट. कप्तान नेस्मिथ त्यात गेले.

चौकशी आयोगाने कारण दिलं ते असं: बहुधा कुणाच्या तरी विडी-सिगारेटच्या थोटकाने रुई पेटली. ‘बहुधा’ हा शब्द घातपातवाल्यांना फार आवडतो. बघा, त्यांनाही खात्री नव्हती! अहो, ज्या थोटकाबद्दल बोलताय ते स्फोटानंतर कुठून दाखवणार? खात्री ठिणगीबद्दल नव्हती. रुईवर स्फोटकं कुणी रचली, बावटा का नव्हता, दोन तास काय चाललं होतं, याबद्दल पुरेशी होती. शांततेच्या काळात असला माल गोदीत आणूच देत नसत. युद्धाच्या घाईत तो नियम बाजूला ठेवला होता.

असं एकट्या मुंबईतच झालं असंही नाही. त्याच वर्षी जुलैत कॅलिफोर्नियातल्या पोर्ट शिकागोला दारूगोळा चढवताना स्फोट झाला, 320 माणसं मेली. नोव्हेंबरमध्ये अमेरिकी नौदलाचं ‘माउंट हूड’ हे दारूगोळ्याचं जहाज पॅसिफिकमध्ये मानुस बेटाजवळ नांगरलेल्या अवस्थेत उडालं. दोन्हीकडे शत्रू नव्हता.

आझाद हिंद सेनेच्या आवृत्तीत एक योगायोग वापरलेला असतो आणि तो खरा आहे. त्याच 14 एप्रिलला मणिपूरमधल्या मोइरांगला आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकवला. तारीख एक म्हणून हात एक? मोइरांग ते मुंबई अंतर नकाशावर बघा. आणि ज्यांच्या नावावर हे श्रेय टाकतोय त्यांच्यावर आपण नेमकं काय टाकतोय हेही बघा: गोदीतले हमाल, मांडवीतले गोदामवाले, झोपड्यांतली माणसं. सरकारी आकडा 740 मृतांचा, अठराशे जखमींचा. खरे मृत त्याहून बरेच जास्त असावेत. हजारो लोक बेघर झाले. हे कुणाचं ‘शौर्य’ म्हणून मिरवायचं?

दुसरा ‘पुरावा’ रेडिओ सायगावचा. जपान्यांच्या ताब्यातल्या या रेडिओने दुसऱ्याच दिवशी सविस्तर बातमी दिली, तेव्हा आपली वर्तमानपत्रं गप्प होती. हे खरंच घडलं. पण ज्या स्फोटाचा आवाज 80 किलोमीटरवर ऐकू गेला आणि ज्याचा धक्का कुलाब्याच्याच नव्हे तर सिमल्याच्या भूकंपयंत्रानेही नोंदवला, तो कळायला घातपाती असावं लागत नाही. मुंबईतून कुणीतरी कळवलं, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजांनी बातमी दाबली हेही खरं, स्फोटाच्या चित्रणाची फीतही लष्कराने जप्त केली. पण ‘कायमची’ नव्हे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सेन्सॉरने बंधन उठवलं, चौकशी झाली, नुकसानभरपाईचा वटहुकूमही त्याच वर्षी निघाला. मधले ते तीन-चार आठवडे मात्र अफवांना मोकळं रान मिळालं, आणि आपल्या गटांवर येणारा मजकूर तिथलाच.

सोन्याचं लवकर आटोपतो. 31 पेट्या, प्रत्येकीत चार, म्हणजे 124 विटा. एक वीट साडेबारा किलोच्या आसपास. असला पाऊस अंगावर पडला तर माणूस मालामाल होत नाही, मरतो. एक वीट मैलभर दूर एका पारशी गृहस्थांच्या घराचं छप्पर फोडून आत पडली. त्यांनी ती परत केली, 999 रुपये बक्षीस मिळालं, तेही त्यांनी मदतनिधीला देऊन टाकलं. बाकीच्या बऱ्याच विटा गोदीतला गाळ काढताना मिळत गेल्या, अगदी 1970 च्या दशकापर्यंत. आभाळातून खरोखर पडल्या त्या जळत्या रुईच्या गाठी. त्यांनीच मांडवी, मशीद बंदर पेटवलं.

आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. गोदी पुन्हा चालू करायला आठ हजार माणसं सात महिने पाच लाख टन ढिगारा उपसत होती. शेजारी उभी असलेली ‘जलपद्मा’ स्फोटाने उचलली जाऊन तिचा मागचा भाग गोदीतल्या शेडच्या छपरावर जाऊन पडला होता. तोही त्यांनाच उतरवावा लागला.

आणि एक गोष्ट, जी त्या मजकुराच्या एकाही आवृत्तीत मला सापडली नाही. त्या दुपारी आपण काय विझवतोय हे धड माहीत नसताना मुंबईच्या अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. 14 एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, तो यांच्यामुळे. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे.