दुकानदारानं बोलू नये?

गावाकडे माझा एक मित्र पुस्तकांचं दुकान चालवतो. मागच्या महिन्यात त्यानं एका गाजणाऱ्या कादंबरीबद्दल फेसबुकवर लिहिलं: पहिली शंभर पानं झकास, पुढे लेखक दमलाय. पुस्तक त्याच्याच दुकानात दर्शनी फळीवर होतं. संध्याकाळपर्यंत लोक तुटून पडले. ‘दुकानदारानं गल्ला सांभाळावा’ इथपासून बहिष्कारापर्यंत. रात्री मला बर्लिनला फोन. "काढून टाकली रे पोस्ट. पुस्तकं विकायचीत आपल्याला."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी पाय मोकळे करत ब्र्यूडरश्ट्रास या रस्त्यावरच्या १३ नंबरच्या घरापर्यंत गेलो. हे घर फ्रीडरिश निकोलाई या पुस्तकविक्रेत्यानं १७८७ मध्ये घेतलं. वडिलांचंच पुस्तकांचं दुकान. भाऊ वारल्यावर १७५८ मध्ये ते याच्या गळ्यात पडलं. विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला हा माणूस उमेदवारी करता करता ग्रीक आणि इंग्रजी वाचत बसायचा. नाटककार लेसिंग आणि तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सोन त्याचे जिगरी दोस्त. १७६५ मध्ये त्यानं परीक्षणांचं नियतकालिक काढलं. ते चाळीस वर्षं चाललं आणि त्यात सुमारे ८०,००० पुस्तकांची दखल घेतली गेली. म्हणजे विकायचं पण यानंच, आणि बरं-वाईट पण यानंच छापायचं!

१७७४ मध्ये जर्मन कवी गटेची ‘वर्थर’ ही कादंबरी आली. प्रेमभंगानं पिस्तूल झाडून घेणाऱ्या त्या तरुणानं वाचकांना वेड लावलं. लाइपझिगमध्ये तर पुस्तकाच्या विक्रीवरच बंदी आली. निकोलाईलाही ते प्रकरण रुचलं नव्हतं, पण बंदीबिंदीच्या भानगडीत न पडता पुढच्याच वर्षी त्यानं विडंबन लिहून छापलं. त्यात पिस्तुलात गोळीऐवजी कोंबडीचं रक्त. वर्थर रक्तानं माखतो, आता मेलोच म्हणतो आणि उठून बसतो. मग प्रेयसी लोटेशी लग्न, मग भांडणं, मग संसार.

गटे भडकला. त्यानं एक कविता लिहिली, तीत निकोलाई वर्थरच्या थडग्यावर परसाकडे बसतो. पुढे निकोलाईला भुतं दिसायला लागली, बुडाला जळवा लावल्यावर ती गेली, आणि या शहाण्यानं ते सगळं बर्लिनच्या अकादमीत वाचून दाखवलं. गटेनं तेही आपल्या ‘फाउस्ट’ नाटकात घालून त्याचं हसं केलं. तेव्हा जर्मन लोक मोठे खिलाडू, असं मला मुळीच म्हणायचं नाही. निकोलाईही पुढे पुढे हेकट झाला, नवं काही त्याच्या पचनी पडेना. पण मारामारी झाली ती कागदावर. निकोलाईचं दुकान चालूच राहिलं.

आपल्याकडे ‘परीक्षण म्हणजे स्तुती, नाहीतर दुश्मनी’ अशी तक्रार ऐकतो, तेव्हा मी आधी धंद्याकडे बघतो. इथे जर्मनीत नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि तीच सगळीकडे लागते. २००२ पासून त्याचा कायदाच आहे. सूट देऊन गिऱ्हाईक ओढता येत नाही, मग दुकानदाराजवळ विकायला उरतं काय, तर त्याचं मत. माझ्या घराजवळच्या दुकानात पुस्तकांना हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या अडकवलेल्या असतात. एकीवर लिहिलंय, ‘शेवट फसलाय, तरी वाचा.’ लिहिणारी बाई या कामाचं तीन वर्षांचं रीतसर शिक्षण घेऊन आलेली. आपल्याकडे प्रदर्शनात पुस्तकाच्या नावापेक्षा सवलतीची पाटी मोठी. तिथे दुकानदाराचं मत कोण विकत घेणार?

हे सगळं मी मित्राला फोनवर ऐकवलं. जळवांवर तो पोट धरून हसला. मग म्हणाला, "ते घर त्यानं विकत घेतलेलं ना? माझा गाळा भाड्याचा आहे. आणि मालक त्या कादंबरीवाल्याचा साडू आहे."