"चिकमगळूर म्हणजे चॉकलेट, अराकू म्हणजे फ्रूटी" हा तक्ता बघून कॉफी घेऊ नका

कॉफी रोस्टिंगचा धंदा सुरू करणाऱ्यांसाठी म्हणून एक तक्ता सगळीकडे फॉरवर्ड होतोय. त्याचं म्हणणं असं की बीन्स रीजन बघून निवडा: चिकमगळूर चॉकलेटी, कूर्ग मसालेदार, आंध्रातलं अराकू फ्रूटी, मॉन्सून्ड मलबार मलबारात पिकते म्हणून कमी आंबट, मळा जितका उंच तितकी कॉफी भारी, आणि वायनाडचा रोबस्टा (अरेबिकासोबतचा कॉफीचा दुसरा मुख्य प्रकार) फक्त भरतीला. नवीन लोक कर्ज काढून मशीन घेतात आणि पहिली पोती असल्या तक्त्यावरून मागवतात, ते बघवत नाही म्हणून हे एकेक करून लिहितोय.

पहिलं, रीजनवरून चव ठरते हे. अहो, एकट्या चिकमगळूर जिल्ह्यात अरेबिका पण आहे, रोबस्टा पण आहे, आणि अरेबिकात परत एस ७९५, सिलेक्शन ९, कावेरी, २००७ साली आलेली चंद्रगिरी अशा कितीतरी जाती आहेत. कॉफीचं संशोधन केंद्रच तिथे बाळेहोन्नूरला आहे, १९२५ पासून. बरं, जात एकच धरली तरी एकाच मळ्यातल्या एकाच झाडाची फळं अर्धी गर काढून धुऊन वाळवली आणि अर्धी सालीसकट उन्हात वाळवली तर पहिली स्वच्छ, हलकी आंबट लागते आणि दुसरी पिकलेल्या फळासारखी, कधी कधी वाईनकडे झुकणारी. जिल्हा तोच, गाव तेच, मग तक्त्यातलं चॉकलेट नेमकं कुठल्या पोत्यात शोधायचं? २०१९ मध्ये कूर्ग अरेबिका, चिकमगळूर अरेबिका, बाबाबुडनगिरी अरेबिका, अराकू व्हॅली अरेबिका आणि वायनाड रोबस्टा या पाचांना जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, चांगलंच झालं, पण जीआय म्हणजे माल कुठला हे कळतं, हा लॉट चांगला आहे का ते कळत नाही. देवगडचा आहे म्हणून पेटीतला प्रत्येक हापूस गोड निघतो का?

विक्रेत्याला विचारायचं ते हे: जात कुठली, वॉश्ड (धुऊन वाळवलेली) की नॅचरल (सालीसकट वाळवलेली), ग्रेड काय, पीक कुठल्या साली काढलं, ओलावा किती. ओलावा साधारण १० ते १२ टक्के हवा, त्याच्यावर गेला की गोदामात बुरशीची भीती. आणि सॅम्पल मागवून, भाजून, कप लावून चाखल्याशिवाय पोतं घ्यायचंच नाही, विक्रेता कितीही ओळखीचा असला तरी.

उंचीचा मुद्दा अर्धाच खरा आहे. फळ थंड हवेत हळू पिकतं, दाणा घट्ट होतो, हे बरोबर. पण थंडी नुसत्या मीटरवर ठरत नाही, विषुववृत्तापासून किती लांब आहात त्यावरही ठरते. कोलंबियात मळे साधारण १२०० ते २००० मीटरवर असतात कारण ते विषुववृत्ताजवळ आहेत. हवाईतली कोना कॉफी हजार मीटरच्या खालीच पिकते आणि जगात महागड्या कॉफ्यांत मोजली जाते. अराकू जवळपास आपल्या पुण्या-साताऱ्याच्या अक्षांशावर आहे, तिथल्या मळ्यांची उंची चिकमगळूरच्या डोंगरातल्या उंच मळ्यांशी नुसती आकड्यांनी लावून काय कळणार? त्यापेक्षा एक ठरावीक माप घ्या, दाण्यांनी काठोकाठ भरा आणि वजन करा, घट्ट दाणा जड भरतो आणि तो भट्टीत जास्त उष्णता मागतो. रोस्टरच्या कामाचं हे आहे.

रोबस्टाला भरती म्हणणं मात्र मला अजिबात पटत नाही. भारतात पिकणाऱ्या कॉफीत साधारण ७० टक्के रोबस्टा असतो, आणि आपली कॉफी सगळ्यात जास्त विकत घेणारा देश इटली आहे, तिथे तो एस्प्रेसोच्या ब्लेंडमध्ये जातो. फरक रीजनमध्ये नाही, कामात आहे. नीट पिकलेली फळं वेचून, धुऊन तयार केलेला कापी रॉयल ग्रेड आणि कसाही, सालीसकट वाळवलेला रोबस्टा चेरी, दोन्ही वायनाडचेच असू शकतात पण कपात जमीन-अस्मानाचा फरक. कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट, आंबटपणा कमी, तोंडात दाट लागतो. आपल्याकडचं बहुतेक गिऱ्हाईक कॉफीत दूध-साखर घालणारं, त्या दुधात नाजूक अरेबिका बुडून जाते आणि चांगला रोबस्टा टिकतो. आणि चिकोरीशी याची गल्लत करू नका, ती कॉफीच नाही, मूळ आहे.

मॉन्सून्ड मलबारचं थोडक्यात. ती त्या नावाने कुठे पिकत नाही. मळ्यातून आलेली वाळकी कॉफी मंगळूरकडच्या गोदामांत जून ते सप्टेंबर पावसाळी वाऱ्याला पसरून ठेवतात, दाणे फुगतात, फिके पडतात, आंबटपणा उतरतो. दाणा मुळातच फिका आणि हलका, म्हणून नेहमीच्या मालासारखं रंग बघून भाजायला जाल तर फसाल. तिचा वेगळा प्रोफाइल (भाजण्याचं उष्णता-वेळेचं गणित) करा.

मग रीजन बघायचाच नाही का? बघायचा, हंगामासाठी. कर्नाटकात अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, रोबस्टाची त्यानंतर फेब्रुवारी-मार्चपर्यंत, मग वाळवणं, टरफल काढणं, ग्रेडिंग. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये कोणी "कूर्गचा एकदम नवीन माल" म्हणून पोतं दाखवलं तर ते आदल्या हंगामाचं आहे हे धरून भाव करा.