घोड्यासमोरचं घर रिकामं
रोज जवळ बाळगायच्या पिस्तुलाला हाताने लावायचा सेफ्टीचा खटका हवाच, असं लेखात म्हटलंय. सरसकट पटत नाही. फौजेत आमच्याकडे ९ एमएम १ए पिस्तूल होतं. ते सिंगल ॲक्शन, म्हणजे घोडा (गोळी उडवणारा मागचा हातोडा) आधी चढवावा लागतो; तो चढलेला असला की ट्रिगर हलका, तिथे खटका पाहिजेच. ग्लॉक पिस्तुलाला तो नाहीच, पण ट्रिगरमधली पाती दाबल्याशिवाय ट्रिगर मागे जात नाही. मात्र मऊ पडलेल्या होल्स्टरची (पिस्तूल ठेवायच्या म्यानाची) कड किंवा शर्टाचं टोक आत अडकलं, तर ती पातीही दाबली जाते! रिव्हॉल्व्हरला तर बहुधा खटका नसतोच. २०२४मध्ये गोविंदाच्या पायात स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली, आठवतंय ना? माझं रिव्हॉल्व्हर जुनं आहे, घोड्यावर धक्का बसला तरी गोळी सुटू शकते, त्यामुळे घोड्यासमोरचं गोळीचं घर रिकामंच ठेवतो. सहाऐवजी पाच गोळ्या. बायको म्हणते, पाच तरी कशाला?