बोटांच्या ठशांत करिअर लिहिलेले नसते

दहावीचे वर्ष सुरू झाले की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. ‘मुलाच्या दहा बोटांच्या ठशांवरून त्याची जन्मजात बुद्धिमत्ता आणि योग्य करिअर कळते, ही चाचणी शास्त्रीय आहे आणि आयुष्यात एकदाच करावी लागते,’ असे त्यात म्हटलेले असते. ‘डीएमआयटी’ (डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट) या नावाने विकल्या जाणाऱ्या या चाचणीवर पालक विश्वासाने पैसे खर्च करतात, म्हणून तिच्यामागचा एकेक दावा तपासून पाहणे आवश्यक आहे.

‘ठसे आणि मेंदू गर्भात एकाच वेळी घडतात, म्हणून मेंदूची ठेवण ठशांत उमटते,’ हा पहिला दावा. त्वचेचा वरचा थर आणि मज्जासंस्था गर्भाच्या एकाच बाह्यस्तरापासून बनतात, हे खरे आहे. पण केस, नखे आणि दातांवरचे इनॅमलही त्याच स्तरापासून बनते, आणि नखे पाहून कोणी मुलाची गणितातली गती सांगत नाही. डाऊन सिंड्रोमसारख्या जनुकीय स्थितीत तळहातावरच्या रेषांचे वेगळेपण डॉक्टरांना दिसते, हेही मान्य केले पाहिजे. परंतु एखाद्या मुलाने विज्ञान शाखा घ्यावी की वाणिज्य, हे रेषांवरून ठरवता येते, असे त्यातून मुळीच सिद्ध होत नाही. एकरूप जुळ्या भावंडांची जनुके सारखी असूनही त्यांचे ठसे तंतोतंत सारखे नसतात, कारण गर्भातील परिस्थितीचाही त्यांच्या घडणीवर परिणाम होतो.

‘चाचणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांच्या सिद्धांतावर आधारलेली आहे,’ असेही सांगितले जाते. गार्डनर यांनी १९८३ मध्ये बहुविध बुद्धिमत्तेचा, म्हणजे बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते असा, सिद्धांत मांडला, पण त्यात ठशांना कुठेही स्थान नाही. उलट भारतातील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने, २०१९ मध्ये या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याची भूमिका प्रसिद्ध केली आहे.

‘आमच्या मुलाचा अहवाल अगदी जुळला,’ हा अनुभव पालक प्रामाणिकपणेच सांगतात. मात्र १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमच्या स्वभावाचे विश्लेषण’ म्हणून एकच मजकूर दिला, तेव्हा तो स्वतःला किती लागू पडतो यासाठी त्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. ‘मूल संवेदनशील आहे, पण एकाग्रता वाढवायला हवी,’ हे वाक्य कोणत्या चौदा वर्षांच्या मुलाला लागू पडणार नाही?

मला सर्वांत जास्त चिंता वाटते ती शेवटच्या दाव्याची: ‘ठसे बदलत नाहीत, म्हणून निष्कर्षही कायमचा.’ आमच्या शेजारच्या नववीतल्या मुलीचा अहवाल तिच्या आईने माझ्यापुढे ठेवला, त्यात रंगीत चौकटीत छापले होते, ‘तांत्रिक क्षेत्र टाळावे’. त्याच आठवड्यात ती मुलगी फरशीवर टेबलफॅन उघडून बसली होती. काढलेले स्क्रू तिने ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडले होते, आणि कंडेन्सर बदलल्यावर पंखा फिरू लागला. अहवाल वाचल्यापासून मात्र ती ‘मला हे जमणार नाही म्हणे’ असे बोलू लागली होती.

मुलांचा कल जाणून घेण्याचे मार्ग आपल्याकडे आहेत. २०१६ पासून काही वर्षे राज्यात दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी झाली. अर्थात तिच्यातून प्रामुख्याने आवड कळत होती, आणि आवड म्हणजे क्षमता नव्हे. क्षमतेसाठी अभिक्षमता चाचणी असते. तिच्यात मुलाला आकडे, आकृत्या, भाषा, यंत्रांची समज यांवरचे प्रश्न प्रत्यक्ष सोडवावे लागतात, आणि त्याचे गुण त्याच वयाच्या असंख्य मुलांच्या गुणांशी ताडून पाहिले जातात. तिचा निकालही अंतिम शब्द मानायचा नसतो. प्रशिक्षित समुपदेशक तो मुलाशी आणि पालकांशी बोलून, शाळेतली कामगिरी आणि घरची परिस्थिती लक्षात घेऊनच समजावून सांगतो.

त्या मुलीच्या आईने अहवाल कपाटात ठेवून दिला आणि सुट्टीत तिला जवळच्या आयटीआयची कार्यशाळा दाखवून आणली. परत आल्यावर इलेक्ट्रिशियन आणि वायरमन या दोन ट्रेडमध्ये फरक काय, हे विचारायला ती आपणहून माझ्याकडे आली.