भातुकली, फ्रीझर आणि भरलेली डिस्क: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वसाहत उभारायच्या खेळांवरून सर्व्हरची साठवण समजावणं म्हणजे भातुकलीवरून संसार शिकवणं, असं तुमचं म्हणणं आहे. डिस्क आता स्वस्त आहे, कमी पडली की वाढवावी. काय कुठे ठेवायचं ते सॉफ्टवेअर बघतं. शिवाय खेळाबद्दल मी दिलेली एक माहिती चुकीची आहे.

चुकीपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही पूर्ण बरोबर आहात. 'ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड' या वसाहतीच्या खेळातल्या स्मार्ट स्टोरेज बिनला, म्हणजे माल ठेवायच्या पेटीला, वरची आणि खालची अशा दोन मर्यादा लावता येतात, असं मी लिहिलं होतं. तशी सोय त्या पेटीत नाही. पेटी पूर्ण भरली की हिरवा सिग्नल, त्यातून थोडासा माल काढला की लगेच लाल, एवढंच तिला कळतं. दोन मर्यादा असतात त्या स्मार्ट बॅटरीला. लेखात दुरुस्ती केली आहे. ही चूक मी किरकोळ मानत नाही, कारण माझं सगळं म्हणणं याच फरकावर उभं आहे. त्याकडे पुढे येतो.

आता 'डिस्क वाढवा' याबद्दल. काही वर्षांपूर्वी मी जिथे काम करत होतो तिथल्या एका वेब सर्व्हरवर रात्री साडेअकराच्या सुमारास लॉगिन बंद पडलं. लॉगमध्ये एकच तक्रार पुन्हा पुन्हा येत होती: डिस्कवर जागा शिल्लक नाही. मोकळी जागा दाखवणारी डीएफ ही आज्ञा चालवून पाहिली, तर जवळजवळ निम्मी डिस्क मोकळी. सहकारी म्हणाला, आकडा चुकीचा दाखवत असेल, आणखी एक डिस्क जोडून टाकू. मग आयनोडचा, म्हणजे प्रत्येक फाइलमागे एक लागणाऱ्या आणि मोजक्याच असणाऱ्या नोंदींचा, आकडा काढला, तो शंभर टक्के. एका फोल्डरमध्ये लाखो सेशन फाइली (लॉगिन केलेल्यांच्या तात्पुरत्या नोंदी) साचल्या होत्या, एकेक जेमतेम तीनशे बाइटची. जुन्या फाइली ठरल्या वेळी आपोआप पुसणारं क्रॉनचं काम मशीन बदलताना मागेच राहिलं होतं. त्या फोल्डरवर फाइलींची यादी दाखवणारं एलएस चालवलं तर टर्मिनल तसंच थिजून बसलं. शेवटी फाइंड ही शोधायची आज्ञा लावून एक दिवसाहून जुन्या फाइली पुसायला घेतल्या. दर काही मिनिटांनी मी आयनोडचा आकडा बघत होतो, आणि तो एकेका टक्क्याने उतरत होता. पहाटेपर्यंत ते चाललं.

इएक्सटी4 ही लिनक्सची फाइलसिस्टम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) तयार करताना साधारण दर 16 केबीमागे एक आयनोड धरला जातो. फाइल तीनशे बाइटची असो की तीन जीबीची, आयनोड एकच खर्च होतो. वर त्या तीनशे बाइटच्या फाइलसाठी 4 केबीचा आख्खा ब्लॉकही जातो. डिस्क जोडून व्हॉल्यूम वाढवला असता तर आयनोडही वाढले असते हे खरं, पण साफसफाई बंदच असल्याने काही आठवड्यांनी तेही संपले असते.

हे दुखणं मला ओळखीचं होतं, कारण रिमवर्ल्ड या वसाहतीच्या खेळात ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या खेळात एका चौकोनात एकाच प्रकारच्या वस्तूची एक रास मावते. मांसाचे 75 नग एका राशीत बसतात, पण प्रत्येक प्राण्याचं मांस वेगळं धरलं जातं. खारीच्या मांसाचे सात तुकडे एक चौकोन अडवतात, सशाचे दहा-बारा दुसरा, कासवाचे तिसरा. फ्रीझर भरला असं दिसतं, शिकार केलेलं हरीण दाराबाहेर सडतं, आणि आतल्या राशी मोजल्या तर चतुर्थांशही माल नसतो. 2022च्या 1.4 आवृत्तीपासून फडताळाच्या एका चौकोनात तीन राशी बसतात. त्याने दिलासा मिळतो, पण सुट्या तुकड्यांचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. मी मोठा फ्रीझर बांधून पाहिला, तोही भरला. मग किरकोळ मांस आधी संपवणारी पाककृती चुलीच्या यादीत वर घेतली आणि जागा आपोआप मोकळी झाली. मोकळी जागा मोजताना आधी ती कशात मोजायची हे विचारावं लागतं, हे मला त्या फ्रीझरने शिकवलं. भातुकली म्हणा हवं तर, पण त्या रात्री आयनोडकडे नजर गेली ती यामुळेच.

आता तुमचा दुसरा मुद्दा, सॉफ्टवेअर बघतं हा. बघतं, पण काय बघायचं ते आपण सांगितलेलं असतं. रिमवर्ल्डमध्ये चुलीशेजारी एक छोटं फडताळ ठेवायची पद्धत आहे: त्याचा अग्रक्रम सर्वांत वरचा, 'क्रिटिकल', आणि मुख्य फ्रीझरचा 'नॉर्मल'. स्वयंपाक्याची पायपीट वाचते. सर्व्हरच्या भाषेत हा कॅश, म्हणजे लागणारा माल हाताशी ठेवायची छोटी जागा, झाला. पण एका साध्या जेवणाला तांदळाचे दहा नग लागतात. पंचाहत्तरातले दहा गेले, पासष्ट उरले, की हमालीच्या कामाला लावलेली व्यक्ती लगेच दहा नगांसाठी फ्रीझरकडे निघते. पुढच्या जेवणानंतर पुन्हा तेच. स्वयंपाक्याची पायपीट दुसऱ्याच्या पायांवर गेली, इतकंच. म्हणूनच 'रास अमुकपेक्षा खाली गेल्याशिवाय भरू नका' असं सांगू देणारे मॉड (खेळाला जोडायच्या सुधारणा) लोकांनी लिहिले आणि ते भरपूर वापरले जातात.

आणि इथेच तो दोन मर्यादांचा फरक येतो. भरायला सुरुवात कुठे करायची आणि थांबायचं कुठे, या दोन्हींत अंतर हवं. त्याला हिस्टेरेसिस म्हणतात. लिनक्सचा मेमरी सांभाळणारा केस्वॅपडी हा प्रोग्रॅम मोकळी मेमरी 'लो' खुणेखाली गेली की जागा होतो, आणि 'हाय' खुणेपर्यंत पोचल्यावरच झोपतो. इलास्टिकसर्च या शोधाच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ सेटिंगनुसार डिस्क 85 टक्के भरली की त्या नोडवर (सर्व्हरवर) नवे शार्ड, म्हणजे डेटाचे तुकडे, पाठवणं थांबतं, 90ला असलेले शार्ड दुसरीकडे हलवायला सुरुवात होते आणि 95ला इंडेक्समध्ये लिहिणं बंद होतं. 7.4 आवृत्तीपासून ती बंदी आपोआप उठते, पण 95च्या जरा खाली आल्यावर नाही, 90च्या खाली गेल्यावर. मधल्या पाच टक्क्यांमुळे बंदी दर मिनिटाला लागत-उठत राहत नाही. हे आकडे कुणीतरी विचार करून ठरवलेत. पण तुमची डिस्क 200 जीबीची असेल तर पाच टक्के म्हणजे 10 जीबी, आणि लॉग उसळले तर तेवढं रात्रीत जातं. ते सॉफ्टवेअरला माहीत नसतं, तुम्हाला असतं.

ड्वार्फ फोर्ट्रेस या बुटक्यांची वसाहत उभारायच्या खेळाचं एकच उदाहरण देतो. तिथे माल पेट्यांत ठेवला की चौकोन वाचतात. पण एखादा बुटका एका वस्तूसाठी पेटी उचलून चालू लागला, की तो परत ठेवेपर्यंत पेटीतलं बाकी काहीच दुसऱ्या कुणाला मिळत नाही. लोहार हातोडा घेऊन उभा, पितळेच्या कांबी पेटीत, पेटी फिरतीवर. जागा वाचली, काम अडलं. ज्याने डेटाबेसमध्ये एका ओळीच्या बदलासाठी सगळं टेबल लॉक झालेलं पाहिलंय त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. साठवणीत खरा खर्च ठेवण्याचा नसतो, उचल-ठेवीचा असतो. माझं एवढंच म्हणणं आहे, आणि ते या खेळांत जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला कुठल्या डॅशबोर्डवर दिसलेलं नाही.

डिस्क स्वतःच्या बिघाडाच्या खुणा नोंदवते त्या 'स्मार्ट' तपासणीचाही तुम्ही दाखला दिला होता. ती उपयोगी आहे, मी ती रोज वाचतो. पण 2007 साली गूगलच्या अभियंत्यांनी लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तोही लक्षात घ्या. पहिली स्कॅन एरर, म्हणजे डिस्कने स्वतःचा पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक, आल्यावर पुढच्या 60 दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता 39 पट होते. त्याच अभ्यासात असंही निघालं की बंद पडलेल्या डिस्कांपैकी 56 टक्क्यांहून जास्त डिस्कांनी चार महत्त्वाच्या खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. इशारा आला तर धावा, पण इशारा नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

आता जिथे माझी तुलना मोडते ती जागा. तुम्ही ती एका वाक्यात सांगून पुढे गेलात, मला वाटतं तोच तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा होता. खेळातल्या पोलादाची प्रत काढता येत नाही. ते इथे असतं किंवा तिथे. सर्व्हरवरची फाइल एकाच वेळी तीन ठिकाणी असू शकते, असायलाच हवी. शिवाय खेळात तांदूळ सडला तर सडलेला दिसतो. डिस्कवर एखादा बिट उलटला तर फाइलचं नाव तेच, आकार तोच, तारीख तीच. झेडएफएससारखी फाइलसिस्टम प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे मजकूर बदलला का ते पडताळायचा आकडा, ठेवते ती त्यासाठीच. बॅकअप म्हणजे काय, आणि तो परत उतरवून तपासणं म्हणजे काय, याचा धडा यातला कुठलाही खेळ देत नाही. माझा लेख वाचून कुणी नवखा प्रशासक कोठार नीट लावून बॅकअपविना बसला असता, तर त्याची जबाबदारी माझ्यावर आली असती. हा परिच्छेद मूळ लेखात अगदी वर घातला आहे.

एक विचारायचं राहिलं. स्मार्ट बिनच्या पुढे तुम्ही बफर गेट लावता असं लिहिलंय, म्हणजे पेटीतून माल निघाला तरी काही सेकंद भरणी सुरू होत नाही. ते प्रमाणावर नाही, वेळेवर चालतं. खप एकदम वाढला तर तेवढ्या वेळात पेटी रिकामी होत नाही का? तुम्ही किती सेकंद ठेवता आणि पेटीत काय असतं, ते जरूर कळवा.